मानेवरची पातळ चादर

दाढी करताना पुरुष खालचा ओठ ताणून धरतो, तेव्हा जबड्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत कातडीखाली उभ्या दोऱ्या उमटतात. गवयाच्या मानेवरही तानेच्या जोरात त्या दिसतात. हा प्लॅटिस्मा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पसरट. बैल अंगावरची माशी कातडी थरथरवून उडवतो ना, त्या स्नायूचा माणसात उरलेला हा तुकडा.

हा स्नायू आपल्याआधी कुणालाच दिसला नाही, असं गेलन सांगतो. इसवी सन १२९ मध्ये पर्गमनला जन्मलेला, ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधून हात तयार झालेला हा वैद्य. त्याचं कारण मला फार आवडतं : आधीचे लोक कातडी ओढून काढत, आणि तिच्याबरोबर हा पातळ थरही निघून जाई. शोधण्याच्या घाईत शोधायची वस्तूच टाकून दिली जायची! गेलनला मात्र माकडं, डुकरं अशी जनावरंच कापायला मिळाली, त्यामुळे त्याच्या पुष्कळ चुका १५४३ साली व्हेसेलियसला दुरुस्त कराव्या लागल्या.

गेलनच्या शवच्छेदनावरील ग्रंथाची १५ प्रकरणं होती. नवव्याच्या मध्यापासून पुढचं ग्रीक हरवलं, कंठावरचं प्रकरणही त्यातच. ते वाचलं अरबीत. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक आणि त्याचा भाचा हुबैश यांनी ते उतरवलं. हुनैन ख्रिस्ती, आश्रयदाते मुसलमान, ग्रंथकार ग्रीक. मी कलाशाखेचा बी.ए., स्नायूंची नावं मला पाठ होत नाहीत. पण भाषांतराची ही साखळी कळते.

प्लॅटिस्माच्या खाली आणखी एक आवरण आहे. मानेला ते गळपट्ट्यासारखं वेढतं आणि वाटेत दुभंगून कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या जाड स्नायूला आपल्यात गुंडाळून घेतं. ग्लासगोच्या अ‍ॅलन बर्न्सनं १८११ साली डोकं-मानेच्या शस्त्रक्रियेवरील पुस्तकात हे पडदे नीट उलगडले. छातीच्या हाडावर दोन पदरांमध्ये राहणाऱ्या छोट्या पोकळीला त्याचंच नाव आहे. भूल देण्याची सोय अजून ३५ वर्षं दूर होती. रोगी शुद्धीवर, ओरडणारा, आणि सर्जनच्या हाती थोडी मिनिटं. घट्ट पडद्याखालचा पू बाहेर फुटत नाही. तो आत श्वासनलिकेवर दाब आणतो किंवा पडद्यांच्या वाटेनं छातीत उतरतो. कोणता पदर कुठं संपतो, यावर माणूस जगणार की नाही ते ठरे.

पण हे ज्ञान कुणाच्या देहातून आलं? त्या काळी कायद्यानं मिळणारी प्रेतं मूठभर. बाकीची रात्री कबरी उकरून आणली जात. स्कॉटलंडमध्ये ऐपतवाले कबरीवर लोखंडी पिंजरे बसवत, गरीब नातलग रात्र-रात्र पहारा देत. १८२८ मध्ये एडिंबरोला बर्क आणि हेअर यांनी तर विकण्यासाठी माणसं मारल्याचं उघड झालं, आणि १८३२ चा कायदा आला. त्यानं बेवारस, विशेषतः गरीबखान्यातले (वर्कहाउसमधले) गरीब मृतदेह शवच्छेदनासाठी खुले केले. चोरी थांबली, देह मात्र त्याच वस्तीतले राहिले.

बर्न्स १८१३ मध्ये वारला, अवघ्या ३१ व्या वर्षी. त्याचा नमुन्यांचा संग्रह पॅटिसन या सहकाऱ्यानं अमेरिकेला नेला. बॉल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठात त्यातले वाळवलेले देह जपलेले आहेत. त्यांच्यावर बर्न्सचं नाव आहे, त्यांचं स्वतःचं नाही.