हरलेल्या कर्णधाराने उचललेला कप

बाद फेरीचं गणित एका ओळीत संपतं. ६४ संघ असतील, तर विजेता ठरवायला बरोबर ६३ सामने लागतात. प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो आणि ६३ जणांना घरी पाठवायचं असतं, इतकंच. साखळी स्पर्धा वर्षभराची सरासरी काढते. बाद फेरी फक्त आजची रात्र बघते. २०२३च्या वर्ल्डकपमध्ये सलग दहा सामने जिंकून अकराव्याला हरलेला आपला संघ आठवा, म्हणजे हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही पद्धत बलाढ्यांवर जितका अन्याय करते, तितकीच कधी कधी दुबळ्यांवर मेहेरबान होते. ती मेहेरबानी कुठवर जाऊ शकते आणि कुठे संपते, हे मला १९९९-२०००च्या फ्रेंच कपइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसलं नाही.

‘कूप द फ्राँस’ सुरू झाला पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली. १९१५मध्ये आघाडीवर मारल्या गेलेल्या शार्ल सिमाँ या क्रीडा संघटकाच्या स्मरणार्थ. पहिल्या वर्षी ४८ क्लब होते, पुढे ती संख्या हजारोंवर गेली. गावातला हौशी क्लबही यात उतरतो, आणि प्रादेशिक फेऱ्या जिंकत गेला तर शेवटच्या ६४मध्ये त्याची गाठ थेट पहिल्या डिव्हिजनच्या संघाशी पडू शकते.

त्या हंगामात कॅले हा संघ असाच वर येत होता. चौथ्या स्तरावरचा हौशी संघ. खेळाडूंमध्ये गोदी कामगार होते, शिक्षक होते, कारकून होते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव. कोच होते लादिस्लास लोझानो. आणि कॅले शहराचे दिवस तेव्हा काही बरे नव्हते. इंग्लंडसमोरचं हे बंदर लेस विणण्याच्या धंद्यावर आणि फेरीबोटींवर जगलेलं. लेसचा धंदा आटत चाललेला, १९९४ साली समुद्राखालचा बोगदा सुरू झालेला आणि जुलै १९९९मध्ये युरोपियन युनियनमधल्या प्रवासावरची ड्यूटी-फ्री विक्री बंद झाल्याने बोटींच्या कमाईलाही कात्री लागलेली. त्याच वर्षी शेजारच्या सांगातमध्ये इंग्लंडला जाऊ पाहणाऱ्या निर्वासितांसाठी केंद्र उघडलं. कॅलेचं नाव बातम्यांत यायचं ते अशा कारणांनी.

मग २००० उजाडलं. लील हा दुसऱ्या डिव्हिजनचा संघ, त्या हंगामात तिथे पहिला येऊन बढती मिळवणारा. कॅलेने त्याला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं. पुढे कानचा संघ, हो, चित्रपट महोत्सववाल्या कानचा. तोही पेनल्टींवर बाद. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या डिव्हिजनचा स्ट्रासबूर्ग, २-१. आणि १२ एप्रिलला उपांत्य फेरीत बोर्दो, म्हणजे फ्रान्सचे तेव्हाचे लीग विजेते. कॅलेचं स्वतःचं मैदान एवढ्या गर्दीला पुरणारं नव्हतं, म्हणून सामना लाँसच्या स्टेडियममध्ये झाला. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत कॅलेने आघाडी घेतली, बोर्दोने बरोबरी केली. इथे सगळ्या परीकथा संपतात. कॅलेने आणखी दोन गोल केले. ३-१.

इथे माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. समजा, अशा प्रत्येक सामन्यात कॅलेची जिंकण्याची शक्यता चारात एक होती. मग हे चारही सामने जिंकण्याची शक्यता येते २५६ मध्ये एक. खूप कमी, पण शून्य नाही. दरवर्षी इतके छोटे क्लब नशीब आजमावत असतील, तर कधीतरी, कुठल्यातरी क्लबची चिठ्ठी निघणारच. म्हणून मला ‘चमत्कार’ हा शब्द खटकतो. नियमांनी ही फट मुद्दाम उघडी ठेवली होती, आणि या माणसांनी नोकरी सांभाळून स्वतःला तिच्यातून आत जाण्याइतकं तयार केलं होतं.

७ मे २०००, स्टाद द फ्राँस. समोर नाँत, गेल्या वर्षीचे कपविजेते. पण त्या मोसमात नाँत स्वतःच बुडत होते. लीगमधलं स्थान वाचलं ते पुढच्या आठवड्यात, अगदी शेवटच्या दिवशी. ३४व्या मिनिटाला जेरोम द्युतित्रने कॅलेला पुढे नेलं. मध्यंतरानंतर लगेच अँत्वान सिबिएर्स्कीने बरोबरी साधली. आणि ९०व्या मिनिटाला पंचांनी नाँतला पेनल्टी दिली. ती खरंच होती का, यावर वाद आहे. सिबिएर्स्कीने ती मारली. २-१, संपलं.

मग नाँतच्या कर्णधाराने, जेमतेम वीस वर्षांच्या गोलकीपर मिकाएल लांद्रोने, कॅलेचा कर्णधार रेजिनाल्द बेकला बोलावलं आणि दोघांनी मिळून कप उचलला. आज त्या फायनलचा फोटो शोधलात, तर बहुतेक हाच दिसेल.

बहुतेक लेख या फोटोवर थांबतात. मला तिथे थांबता येत नाही.

पुढच्याच वर्षी नाँत लीग विजेते झाले. कॅलेचे खेळाडू कामावर परतले. शहराने नंतर सुमारे १२ हजार प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधलं. ते २००८ साली उघडलं, आणि नाव ठेवलं ‘स्टाद द लेपोपे’, म्हणजे महागाथेचं स्टेडियम. त्याच वर्षी क्लब तिसऱ्या स्तरावर चढला, पण तिथे टिकला नाही. पैशांची ओढाताण वाढत गेली आणि २०१७ साली न्यायालयाच्या आदेशाने क्लब कायमचा बंद झाला. स्टेडियम राहिलं. ज्यांची ती गाथा, तो क्लब उरला नाही.

कपने कॅलेला चार अचाट रात्री आणि एक फायनल दिली. पण क्लब चालतो तो महिन्याच्या हिशेबावर: प्रवासखर्च, मैदानाची देखभाल, मुलांच्या संघाचे कोच, पगार. ती लढाई साखळी पद्धतीची. तिथे वर्षानुवर्षं सरासरी मोजली जाते, आणि गरीब शहराची सरासरी एका मे महिन्याने बदलत नाही. ‘चमत्कार’ म्हटलं, की हा हिशेब कुणी मागत नाही. चमत्काराला कुठे बजेट लागतं?

म्हणून छोटा संघ मोठ्याला हरवतो तेव्हा मी आता स्कोअरबरोबर आणखी एक गोष्ट शोधतो: पाच वर्षांनी तो क्लब कुठे होता? त्यांच्या ज्युनिअर संघाला मैदान मिळत होतं का? हे शोधायला दोन मिनिटं लागतात, पण उत्तर हायलाइट्समध्ये कधीच नसतं.