पिवळ्या ताऱ्यासाठी ढाळलेले अश्रू

संत मॅक्सिमिलियन कोल्बे आणि संत एडिथ स्टाईन यांच्या बलिदानामुळे आउश्वित्झचे नाव आपल्या कॅथलिक कुटुंबांना परिचित आहे. त्याच छळछावणीत स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चची एक सेविका मृत्यू पावली. जेन हेनिंग हे तिचे नाव. आपल्या वाचकांना तिची ओळख व्हावी, असे आम्हांस वाटते.

जेनचा जन्म ६ जून १८९७ रोजी डन्स्कोर गावानजीक एका शेतकरी कुटुंबात झाला. पाचव्या वर्षीच ती आईच्या मायेला पारखी झाली. शिक्षणानंतर पेझ्ली येथील धाग्यांच्या कारखान्याच्या कचेरीत तिने सुमारे दहा वर्षे नोकरी केली. रविवारी ती मुलांना धर्मशिक्षण देई. १९३२ साली ती हंगेरीत, बुडापेस्टच्या स्कॉटिश मिशन शाळेत, मुलींच्या वसतिगृहाची प्रमुख म्हणून रुजू झाली आणि तेथील भाषा शिकली.

१८४१ साली स्थापन झालेल्या या मिशनचा मूळ हेतू यहुदी लोकांत सुवार्ताप्रसार हा होता. शाळेत यहुदी व ख्रिस्ती मुली एकत्र शिकत. आईविना वाढलेली जेन त्या मुलींची आईच झाली.

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा जेन रजेवर मायदेशी होती. ती तातडीने बुडापेस्टला परतली. १९४० साली चर्चने तिला परत बोलावले. तिने नकार दिला. सुखाच्या दिवसांत मुलींना आपली गरज होती, तर अंधाराच्या दिवसांत ती किती अधिक असेल, हा तिचा साधा हिशेब होता. अन्नटंचाईत ती पहाटे उठून बाजार गाठी. मुलींच्या बुटांना तळवे लावण्यासाठी तिने स्वतःची चामडी बॅग कापली, असे तिच्या चरित्रांत नमूद आहे.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्याने हंगेरी व्यापली. एप्रिलपासून यहुदींना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. २५ एप्रिल रोजी जेनला अटक झाली. यहुदींत काम करणे, बीबीसी ऐकणे, ब्रिटिश युद्धकैद्यांना भेटणे असे तिच्यावर आरोप होते. त्यांतील एक मात्र विलक्षण होता : पिवळा तारा लावलेल्या मुलींना पाहून ती रडली! राजकारणाचा आरोप वगळता तिने सारे कबूल केले. मे महिन्यात तिला आउश्वित्झला नेण्यात आले. ७९४६७ हा क्रमांक तिच्या नावाऐवजी आला. १७ जुलै १९४४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिचा अंत झाला. जर्मनांनी दाखल्यात आजाराचे कारण लिहिले. १९९७ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने तिला 'राष्ट्रांतील नीतिमान' हा सन्मान दिला.

ज्या राज्यात अश्रू हा गुन्हा ठरतो, तेथे न रडणे हे पाप ठरते. युरोपातील कितीतरी बाप्तिस्मा झालेले लोक त्या काळी कोरड्या डोळ्यांनी पाहत राहिले, ही आपणा सर्व ख्रिस्ती जनांची वेदना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली विभक्त ख्रिस्ती बंधुभगिनींविषयी आणि १९६५ साली यहुदी लोकांविषयी आदराची शिकवण दिली. जेनने ती त्यापूर्वीच वीस वर्षे जगून दाखविली होती.

आपल्या शाळांत आणि बोर्डिंगांत परधर्मीय मुले आपल्या हाती विश्वासाने सोपविली जातात. त्यांच्यावर संकट येईल तेव्हा आपले डोळे ओलावतील काय, आणि आपली पावले तेथेच थांबतील काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक धर्मग्रामाने आपापल्या अंतःकरणात शोधावे.