शाळेची हद्द कोण ठरवते? एक किलोमीटरचा नियम, २५ टक्के जागा आणि बारामती-इंदापूर

थोडक्यात

- महाराष्ट्रात शाळाप्रवेशाची हद्द प्रभागावरून ठरत नाही, घर आणि शाळा यांच्यातील अंतरावरून ठरते.
- खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के मोफत जागांसाठी हेच अंतर निर्णायक असते.
- २०२४ मध्ये राज्य सरकारने या अंतराचा अर्थ बदलला. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.
- बारामती, इंदापूरसारख्या तालुक्यांत नकाशावरचे अंतर आणि मुलाला रोज कापावे लागणारे अंतर यांत बराच फरक पडू शकतो.

शाळेची 'हद्द' म्हणजे नेमके काय?

अनेकांचा समज असा असतो की, ज्या प्रभागात आपले मतदान तिथलीच आपली शाळा. तसे नाही. बारामती आणि इंदापूर हे विधानसभेचे वेगवेगळे मतदारसंघ आहेत आणि दोन्ही बारामती लोकसभा मतदारसंघात येतात. पण या रेषा निवडणुकीपुरत्या. मूल कोणत्या शाळेत जाईल, याच्याशी त्यांचा संबंध नाही.

कारभाराच्या हद्दी मात्र आहेत. शहरात नगरपरिषदेच्या शाळा असतात. गावांत आणि वाड्यावस्त्यांवर पुणे जिल्हा परिषदेच्या शाळा असतात आणि त्यांचे काम पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी पाहतात. काही शाळांचे मिळून एक केंद्र होते, त्यावर केंद्रप्रमुख असतो. शहराची हद्द वाढते तेव्हा हे गणित हलते. बारामती नगरपरिषदेच्या हद्दवाढीत जळोची, रुई, तांदुळवाडी हा भाग शहरात आला. अशा वेळी गावातली शाळा कोणी चालवायची, तिची इमारत आणि शिक्षक कोणाकडे, हे प्रश्न उभे राहतात. मुलाच्या प्रवेशाच्या हक्कावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. तो हक्क अंतराशी जोडलेला आहे.

हे अंतर कुठून आले?

२००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याला आकार देणारा शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाच्या घराच्या परिसरात शाळा असली पाहिजे आणि ती सरकारने किंवा स्थानिक संस्थेने उभारली पाहिजे, असे कायद्याचे कलम ६ सांगते.

'परिसर' म्हणजे किती, हे राज्यांच्या नियमांवर सोडले आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर.

हा विचार त्याहून जुना आहे. १९६४ ते ६६ दरम्यान काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसरशाळेची शिफारस केली होती. एका वस्तीतली श्रीमंत-गरीब, सगळ्या जातींची मुले एकाच शाळेत बसावीत, हा तिचा गाभा. या आयोगाचे सदस्य-सचिव होते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. म्हणजे 'जवळची शाळा' ही कल्पना केवळ मुलाची पायपीट वाचवण्यासाठी नव्हती, मुलांनी एकत्र शिकावे यासाठीही होती.

२५ टक्के जागांचा नियम काय आहे?

आरटीईच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीत किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल आणि वंचित गटांतील मुलांना द्यायच्या आहेत. या मुलांचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत. शाळेला त्याचा परतावा सरकार देते. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत हा दर एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये राहिला आहे. परतावा वेळेवर मिळत नाही, ही खासगी शाळांची जुनी तक्रार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी हा नियम वैध ठरवला. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले.

महाराष्ट्रात या जागा ऑनलाइन अर्ज आणि सोडतीतून भरल्या जातात. शाळेच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांना आधी प्राधान्य मिळते. १ किलोमीटरच्या आत घर असलेल्यांचा क्रम वर, त्यानंतर १ ते ३ किलोमीटरवाल्यांचा.

इथे एक साधे गणित लक्षात घ्या. १ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ३ चौरस किलोमीटर जागा येते. ३ किलोमीटरच्या वर्तुळात सुमारे २८ चौरस किलोमीटर. त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्र नऊपट होते. म्हणून नियमातला एखादा आकडा बदलला, तरी हजारो घरे आत येतात किंवा बाहेर जातात.

२०२४ मध्ये काय घडले?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के प्रवेशातून वगळायचे, असा त्याचा अर्थ होता. जवळ सरकारी शाळा आहे, तर सरकारने खासगी शाळेचे पैसे का भरायचे, असा त्यामागचा युक्तिवाद. कर्नाटकने २०१९ मध्ये असाच बदल केला होता.

परिणाम लगेच दिसला. सोडतीच्या यादीत आता प्रामुख्याने सरकारी आणि अनुदानित शाळा आल्या. कागदावर जागांची संख्या आठ लाखांच्या पुढे गेली, पण अर्ज आले साधारण ७० हजार. कारण उघड होते. ज्या शाळेत तसाही थेट आणि मोफत प्रवेश मिळतो, तिच्यासाठी सोडतीचा अर्ज कोण भरणार?

पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली. जुन्या नियमाने पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा सुमारे ९,२०० शाळांतल्या साधारण १ लाख ५ हजार जागांसाठी २ लाख ४० हजारांहून अधिक अर्ज आले. जागा कितीतरी कमी आणि अर्ज तिपटीहून जास्त.

१९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ही दुरुस्ती रद्द केली. मुद्दा सरळ होता. संसदेने केलेल्या कायद्यात खासगी शाळांवरील जबाबदारीला 'जवळ सरकारी शाळा नसेल तरच' अशी अट नाही. मग राज्याला ती नियमाच्या वाटेने आत आणता येणार नाही. परिसरात शाळा उभारणे हे सरकारचे कर्तव्य वेगळे आणि २५ टक्के जागा देणे हे खासगी शाळेचे कर्तव्य वेगळे. या निकालाविरुद्ध खासगी शाळांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, पण ९ ऑगस्ट २०२४ रोजी तिथेही तिला दिलासा मिळाला नाही.

ती दुरुस्ती टिकली असती, तर बारामती-इंदापुरात काय झाले असते?

तालुक्याच्या गावाची रचना डोळ्यांसमोर आणा. बाजारपेठ, एसटी स्टँड, कचेऱ्या आणि त्यांच्या आसपास शाळा. अशा शहरात एखाद्या खासगी शाळेभोवती १ किलोमीटरचे वर्तुळ काढले आणि त्यात नगरपरिषदेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित एकही शाळा आली नाही, असे होणे अवघडच. म्हणजे शहरांतल्या बहुतेक खासगी शाळा या नियमातून सुटल्या असत्या. सरकारी शाळा मुलाच्या जवळ आहे, हेच कारण पुढे करून खासगी शाळेचे दार त्याच्यासाठी बंद झाले असते.

२०२४ च्या वादात पणाला लागलेली गोष्ट ही होती. कंपनीत रोजंदारी करणाऱ्याचे मूल आणि कंपनीच्या व्यवस्थापकाचे मूल एका बाकावर बसण्याची जी थोडी शक्यता कायद्याने ठेवली आहे, ती एका वर्तुळाच्या व्याख्येवर अवलंबून होती.

मग जुना नियम सगळ्यांना पुरतो का?

नाही. वर्तुळ शहरात नीट चालते, रानात अडखळते.

पहिली अडचण भूगोलाची. या दोन तालुक्यांत माणसे फक्त गावठाणात राहत नाहीत, शेतातल्या वस्त्यांवर आणि मळ्यांतही राहतात. खासगी इंग्रजी शाळा मात्र बहुधा शहरात किंवा मोठ्या रस्त्यालगत असतात. पाच-सात किलोमीटर लांबच्या वस्तीवरचे मूल प्राधान्यक्रमात आपोआप मागे पडते. त्यातून नंबर लागलाच, तर रोजच्या वाहतुकीचा खर्च असतो. फी माफ झाली, तरी तो बहुतेक वेळा घरच्यांनाच सोसावा लागतो.

दुसरी अडचण मोजणीची. नकाशावरचे वर्तुळ सरळ रेषेत मोजते, मूल रस्त्याने जाते. नीरा डावा कालवा दोन्ही तालुक्यांतून वाहतो आणि तो ओलांडायला पूल लागतो. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा जलाशय आहे. इंदापूर तालुक्यातले कळाशी आणि करमाळा तालुक्यातले कुगाव समोरासमोर आहेत, पण रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीने ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी याच मार्गावर होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. पाण्यापलीकडचे 'जवळ' किती फसवे असते, हे तिथल्या माणसांना सांगावे लागत नाही.

तिसरी अडचण पत्त्याची. वर्तुळ घरापासून मोजायचे, तर घराचा पुरावा लागतो. एमआयडीसीत कामाला आलेल्या भाडेकरूंकडे बऱ्याचदा नोंदणीकृत भाडेकरार नसतो. मूल शाळेच्या शेजारी राहत असूनही कागदावर ते तिथले ठरत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा 'परिसर' कोणता?

हा प्रश्न इथे टाळता येत नाही. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात आणि कोपी टाकून काही महिने राहतात. मुले सोबत असतात. नाव गावच्या शाळेच्या पटावर, मूल उसाच्या फडात.

कायदा या मुलांना विसरलेला नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे ही कलम ९ नुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. त्यासाठी साखर शाळांचे प्रयोग झाले. गावची शाळा सोडताना मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचे आणि त्यावर नव्या ठिकाणच्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचे, अशी पद्धतही आहे. पण हंगाम उसावर चालतो, शाळेच्या वर्षावर नाही. फड हलला की कोपी हलते आणि जवळची शाळाही बदलते. ज्यांचे घरच फिरते आहे, त्यांच्यासाठी घरापासून अंतर मोजणारा नियम फारसा कामाचा नाही.

छोट्या शाळा एकत्र केल्या तर?

२१ सप्टेंबर २०२३ रोजी शालेय शिक्षण विभागाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. राज्यात २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत. त्यातल्या काही मिळून एक मोठी, सोयींनी युक्त शाळा करावी, अशी कल्पना. पुणे जिल्ह्यातली पानशेतची शाळा नमुना म्हणून दाखवली गेली.

दोन्ही बाजूंना तथ्य आहे. दहा-बारा मुलांच्या शाळेत खेळाचा संघ होत नाही, दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. पण वस्तीवरची शाळा बंद झाली की १ किलोमीटरचे वचन बसच्या भरवशावर जाते. बस आली नाही, तर आधी शाळा सुटते ती बहुतेकदा मुलीची. म्हणून शाळा मोठी होणार आहे का, याच्याआधी बस नक्की आणि कायम असणार आहे का, हे विचारायला हवे.

इतर देशांत काय अनुभव आहे?

अमेरिकेत शाळांच्या हद्दी खरोखरच नकाशावर आखलेल्या असतात आणि शाळेच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत राहते. १९७४ मध्ये डेट्रॉइट शहराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना उपनगरांच्या शाळांशी जोडणारी योजना नाकारली. एक हद्द टिकली आणि दोन वेगळ्या शिक्षणव्यवस्थाही टिकल्या.

आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, तो गल्लीच्या श्रीमंतीवर ठरत नाही. ही जमेची बाजू आहे. इथली दरी मुख्यतः सरकारी आणि खासगी शाळांमधली आहे.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

- अर्ज भरताना नकाशावरील खूण नेमकी आपल्या घरावर ठेवा. अंतर त्यावरूनच मोजले जाते. चुकीचा पत्ता आढळला, तर प्रवेश रद्द होऊ शकतो.
- भाड्याने राहत असाल, तर भाडेकराराची नोंदणी अर्जाच्या आधीच करून घ्या.
- दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. वंचित गटातून अर्ज करताना जातीचा किंवा संबंधित दाखला लागतो. तारखा आणि अटींसाठी त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा मागच्या वर्षीचा मजकूर नको.
- अर्ज मोफत असतो. प्रवेश मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.
- अडचण आली, तर शहरात नगरपरिषदेचा शिक्षण विभाग आणि ग्रामीण भागात पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी कार्यालय गाठा.
- वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा नसेल, तर वाहतुकीच्या सोयीची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा या त्यासाठीच्या हक्काच्या जागा आहेत.

शाळेची हद्द पुन्हा आखायची वेळ येईल तेव्हा तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. अंतर कोणाच्या घरापासून मोजले? कोणत्या रस्त्याने मोजले? आणि त्या वर्तुळात कोणती दारे उघडी राहिली? किलोमीटरचा आकडा या तिन्हींनंतर येतो.