तंत्रशिक्षण आणि स्वतःचा व्यवसाय : डॉन बॉस्को ह्यांचा धडा

संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) म्हटले की आपल्याला शाळा आणि फुटबॉलची मैदाने आठवतात. तंत्रशिक्षणातील त्यांच्या कार्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

त्या काळी इटलीतील तुरीन शहरात खेड्यापाड्यांतून आलेली मुले सुतार, गवंडी, काचकाम करणारे कारागीर ह्यांच्या हाताखाली राबत. धंदा शिकविण्याऐवजी मालक त्यांना घरगड्यासारखे वापरीत, मारहाणही करीत. डॉन बॉस्को ह्यांनी १८५१-५२ च्या सुमारास मुलांसाठी मालकांशी लेखी करार करण्यास प्रारंभ केला. ठरल्या मुदतीत धंदा शिकवावा, धंद्याबाहेरचे काम सांगू नये, चुकल्यास केवळ शब्दांनी समज द्यावी, रविवारी व सणांना सुट्टी द्यावी, अशी कलमे त्यांत असत. पुढे १८५३ मध्ये त्यांनी वाल्दोक्को येथे स्वतःच चांभारकाम व शिवणकामाच्या कार्यशाळा उघडल्या. त्यानंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई व लोहारकाम आले.

आम्हाला अधिक मोलाची वाटते ती त्यांची एक लहानशी पुस्तिका. त्यांच्या राज्यात १८५० पासून दशमान मापपद्धती लागू व्हायची होती. डॉन बॉस्को ह्यांनी १८४९ साली ती कामगारांना उमजेल अशा सोप्या भाषेत मांडली. धर्मगुरूने वजनमापांवर पुस्तक लिहावे ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याला माप व हिशेब कळत नाही, तो कितीही कुशल असला तरी दुसऱ्याच्याच हाताखाली राहतो.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' ह्या विश्वपत्रात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य ह्यांना जमिनीइतक्याच महत्त्वाच्या मालकीचे स्थान दिले आहे. वाड्या विकून बसलेल्या आमच्या वसईकरांनी हे वाक्य दोनदा वाचावे!

आयटीआयमधून बाहेर पडलेला आमचा वायरमन किंवा फिटर कामात कमी पडत नाही. तो अडतो कामाचा अंदाज लिहून देताना, माल व मजुरी वेगवेगळी धरताना आणि बँकेसाठी प्रकल्प अहवाल तयार करताना. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत छोट्या व्यवसायाला तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय झाली. पण कर्ज मागताना हिशेबाची वही हाताशी असलेली बरी. निवृत्त बँक कर्मचारी आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आहेत. रविवारच्या मिस्सानंतर त्यांनी अशा तरुणांना तासभर दिला, तर ह्या वहीपासूनच सुरुवात करता येईल.