सदस्य कोण, हे ठरवणार कोण?

अमेरिकेत नवी सोरॉरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची भगिनीसंस्था, काढू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला आरंभीच दोन प्रश्न सोडवावे लागतात: सदस्य कोणाला करायचे आणि कॉलेजशी नाते काय ठेवायचे? त्यांचे मूळ शोधायला आपण इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात जाऊ. तिथे 28 एप्रिल 1867 रोजी बाराजणींनी आय. सी. सोरोसिस ही गुप्त संस्था स्थापली. पुढे ती पाय बीटा फाय झाली. इंडियानातल्या अ‍ॅसबरी विद्यापीठाने मुलींना प्रवेश तर दिला होता, पण मुलांच्या मंडळांत त्यांना समान सदस्यत्व नव्हते. म्हणून बेटी लॉकने 27 जानेवारी 1870 रोजी तीन मैत्रिणींसह कप्पा अल्फा थीटा उभी केली. शाखा वाढल्या, तशी मुली मिळवण्याची चढाओढही वाढली. अखेर 1902 साली सात सोरॉरिटी शिकागोत एकत्र बसल्या. कॉलेजात रीतसर नाव नोंदवण्याआधी कोणत्याही मुलीला बांधून घेऊ नये, हा त्यांच्या आरंभीच्या करारांपैकी एक. माझ्या मते खरे वळण हेच, कारण कॉलेजचा दाखला सदस्यत्वाची पहिली पायरी ठरला.

या दारांबाहेर राहिलेल्या कृष्णवर्णीय मुलींनी 1908 साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा स्थापली. तिच्यातून बाहेर पडलेल्या बावीसजणींनी 13 जानेवारी 1913 रोजी डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि 3 मार्चला त्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. इंडियानापोलिसची सिग्मा गामा ऱ्हो मात्र मला विशेष मोलाची वाटते. 1922 साली ती सात शिक्षिकांनी काढली आणि 1929 अखेर बटलर विद्यापीठात तिची पहिली शाखा अधिकृत झाली. इथे बाई आधी, कॉलेज नंतर!

1972 च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी घातली, तेव्हा केवळ स्त्रियांच्या संस्थांचे काय, असा पेच पडला. सिनेटर बर्च बाय यांच्या 1974 च्या दुरुस्तीने सामाजिक सोरॉरिटींना सवलत दिली, तीही अटींवर: संस्था करमुक्त हवी आणि तिचे सक्रिय सदस्य मुख्यतः उच्चशिक्षण घेणारे विद्यार्थी हवेत. कॉलेजशी असलेले जुने नाते असे कायद्यात शिरले.

1998 साली आपल्या उपखंडातून गेलेल्या कुटुंबांच्या मुली या वाटेवर आल्या. ऑस्टिनला 8 नोव्हेंबरला कप्पा फाय गामा, ह्यूस्टनला 6 डिसेंबरला डेल्टा फाय ओमेगा आणि दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो स्थापन झाली.