रस्त्याखालच्या जमिनीवर हक्क कोणाचा?

रस्ता तयार होतो आणि काही महिन्यांतच तो पुन्हा खोदला जातो. कधी जलवाहिनीसाठी, कधी वीजकेबलसाठी, तर कधी ऑप्टिकल फायबरसाठी. 'अमृत' योजनेच्या कामांत जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांनी हा अनुभव घेतला आहे. सार्वजनिक जमिनीखालून वाहिनी नेऊ देण्याचा अधिकार नेमका कोणाला, याचे उत्तर मात्र एकाच कायद्यात सापडत नाही.

सुविधाधिकार आणि परवानगी

आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर मिळणारा मर्यादित हक्क म्हणजे सुविधाधिकार. त्यासंबंधीचा १८८२ चा अधिनियम मुंबई इलाख्याला, म्हणजेच खानदेशालाही, १८९१ मध्ये लागू झाला. उघड आणि अखंड वापराने हा हक्क खासगी जमिनीवर २० वर्षांनी, तर सरकारी जमिनीवर ३० वर्षांनी प्राप्त होऊ शकतो. रस्त्याखालील वाहिन्यांना मात्र बहुधा असा हक्क मिळत नाही. त्यांना मिळते ती केवळ वापराची परवानगी. जमिनीची मालकी जिथल्या तिथेच राहते.

जसा रस्ता, तसा अधिकारी

जळगाव व धुळे येथे २००३ मध्ये महापालिका स्थापन झाल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार शासनाकडे असलेले रस्ते वगळता शहरातील सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित असतात आणि त्यांच्यावर आयुक्तांचे नियंत्रण असते. राज्यमार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावे लागते.

धुळे-जळगाव-नागपूर हा पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. त्याच्या हद्दीत केबल, पाइप वा गटार टाकण्यास २००२ च्या केंद्रीय कायद्यानुसार महामार्ग प्रशासनाची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. लोहमार्गाखालून जायचे तर रेल्वेची आणि सातपुड्यातील वनजमिनीतून जायचे तर वन विभागामार्फत केंद्राची मान्यता लागते. नदी-नाल्यांचे पात्र जमीन महसूल संहितेनुसार सामान्यतः शासनाचे असल्याने तेथे जिल्हाधिकाऱ्यांचा संबंध येतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील शेतकऱ्यालाही सिंचनाची पाइपलाइन रस्त्यापलीकडे न्यायची असल्यास त्या रस्त्याच्या यंत्रणेकडेच अर्ज करावा लागतो.

नकाराचा अधिकारही मर्यादित

रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याची मर्जी अंतिम, असेही नाही. विद्युत अधिनियम, २००३ वीजपरवानाधारकाला रस्ता खोदण्याचा अधिकार देतो. मात्र नुकसान कमीत कमी करावे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी, असे बंधनही घालतो. १८८५ च्या तार अधिनियमानेही तारवाहिनीसाठी केवळ वापराचा हक्क दिला होता आणि स्थानिक संस्थेच्या जागेसाठी तिची परवानगी सक्तीची केली होती.

दूरसंचार वाहिन्यांसाठी आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकार नियम आहेत. त्यांनुसार सार्वजनिक यंत्रणेने अर्जावर ६७ दिवसांत निर्णय न दिल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. म्हणजे फाइल दाबून ठेवणाऱ्या कार्यालयाला अटी घालण्याची संधीच गमवावी लागते.

नागरिकांनी काय पाहावे?

परवानगीपत्रातील अटींवरच पुढचे सारे अवलंबून असते. खोदलेला रस्ता पूर्ववत कोण करणार, किती मुदतीत करणार, उद्या रुंदीकरणात वाहिनी हलवावी लागली तर खर्च कोणाचा, हे तेथेच ठरते. अटी मोघम असतील, तर तो भार अखेर करदात्यावर येऊ शकतो. त्यामुळे घरासमोर चर खोदला गेला, तर परवानगी कोणी दिली, कोणत्या अटींवर दिली आणि रस्तादुरुस्तीचे शुल्क किंवा अनामत भरली काय, हे प्रथम विचारावे. माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या अधिनियमानुसार, या कागदपत्रांच्या प्रती मागता येतात. रस्त्याखाली काय दडले आहे, हे जाणण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.