कोबीचे बी घरात का धरता येत नाही?

१/ वांगी, मेथी, भोपळा यांचे बी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या घरीच राखले. राखेत घोळून मडक्यात ठेवले की पुढच्या हंगामाची सोय होई. कोबी मात्र या रीतीत बसला नाही. त्याचे बी विकतच घ्यावे लागे, आणि दीर्घकाळ ते येई युरोपातून.

२/ भाजीचे नावही तिकडचेच. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेत या भाजीला 'कोव्ह' म्हणतात. मराठी 'कोबी' आणि हिंदी 'गोभी' हे शब्द त्यावरूनच आले, असे मानले जाते.

३/ परावलंबनाचे मूळ वनस्पतीच्या स्वभावात आहे. कोबीचे रानटी पूर्वज युरोपच्या सागरकिनाऱ्यावरचे. हे पीक द्विवर्षायू आहे: पहिल्या वर्षी गड्डा धरतो आणि हिवाळा सोसल्यावरच फुलोरा येतो. त्यासाठी वाढलेल्या रोपाला कित्येक आठवडे सुमारे दहा अंशांखालील थंडी लागते. पुणे-नाशिककडे पहाट गारठते, पण दुपार तापते. म्हणून गड्डा भरतो, बी धरत नाही.

४/ दुसऱ्या महायुद्धात युरोपातील बियाण्याची वाट अडली. तेव्हा, १९४२-४३च्या सुमारास, क्वेट्टा आणि काश्मीर खोऱ्यात थंड हवेतील भाज्यांचे बी तयार करण्यास प्रारंभ झाला.

५/ १९४७ साली फाळणी झाली आणि क्वेट्टा पाकिस्तानात गेले. उभी राहू लागलेली सोय पुन्हा तुटली. १९४९ मध्ये कुलू खोऱ्यातील कटराई येथे केंद्र सरकारने भाजीपाला संशोधन केंद्र स्थापन केले. पुढे १९५५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आले.

६/ तेथील काम चिकाटीचे. निवडक झाडे हिवाळाभर शेतात राखायची, वसंतात गड्ड्यावर फुलीसारखी चीर द्यायची, म्हणजे फुलाचा दांडा बाहेर पडतो. फुलकोबी आणि नवलकोल ही कोबीचीच भावंडे; मधमाश्या त्यांचा संकर सहज घडवतात. म्हणून दोन वाणांत मोठे अंतर राखावे लागते.

७/ परसबागेसाठी वाण निवडताना हाच इतिहास हाती येतो. 'गोल्डन एकर' हा परदेशी वाण लवकर तयार होतो. लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांत त्याचा लहान, गोल, घट्ट गड्डा मिळतो. थोड्या जागेस तो सोयीचा. 'पुसा ड्रमहेड'चा गड्डा मोठा व चपटा. त्याला जागा, वेळ आणि थंडी अधिक हवी. महाराष्ट्रात सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपे टाकून महिन्याभराने लावली, तर गड्डा थंडीत भरतो.

८/ भाजी चार-पाच शतकांपूर्वी आली. तिचे बी या मातीत धरण्याची व्यवस्था उभी राहिली ती विसाव्या शतकात, युद्ध आणि फाळणीच्या धक्क्यांतून. पीक रुजले म्हणजे बियाण्याचे स्वातंत्र्य मिळाले, असे नव्हे. कोबीचा इतिहास हेच सांगतो.